पटकथालेखन (बेळगाव सीमाभागाच्या संदर्भात)

पटकथालेखन : चित्रपटात किंवा मालिकेत पडद्यावर काय दिसेल आणि काय ऐकू येईल याची दृश्यागणिक लेखी मांडणी म्हणजे पटकथा. मराठी श्रेयनामावलीत कथा, पटकथा आणि संवाद ही तीन श्रेये वेगवेगळी येतात. काय घडते ते कथेत ठरते. ते कोणत्या क्रमाने, कोणाच्या नजरेतून आणि प्रेक्षकाला किती उशिरा कळते, हे पटकथेत ठरते. त्यातले किती तोंडाने बोलायचे, हे संवादलेखक पाहतो. थेटरातून बाहेर पडणारा माणूस ‘डायलॉग भारी होते’ एवढेच म्हणतो. चांगल्या पटकथेची वाहवा सहसा दिग्दर्शकाच्या खात्यावर जमा होते आणि फसलेल्या पटकथेबद्दल ‘पिक्चर लांबला’ असे म्हटले जाते.

बेळगाव, खानापूर, निपाणी हा मराठीभाषक पट्टा १ नोव्हेंबर १९५६ रोजी भाषावार प्रांतरचनेत तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला. सीमावादाचा तपशील या नोंदीत अप्रस्तुत आहे. त्यातून घडलेला प्रेक्षक मात्र प्रस्तुत आहे. घरात मराठी, कचेरीत कन्नड, बाजारात दोन्हींची मिसळ आणि टीव्हीच्या रिमोटवर दोन्ही भाषांच्या वाहिन्या, अशा घरात एकच गोष्ट दोन भाषांत पाहणारी माणसे तयार होतात. कन्नड मालिका लागली की घरातली आजी दोन मिनिटांत म्हणते, ‘हे बघितलंय की आपण!’ कलाकार वेगळे, बंगला वेगळा, भाषा वेगळी. मग ओळखले काय, तर लेखन. पुण्या-मुंबईच्या प्रेक्षकाला ही सोय सहसा मिळत नाही.

यामागे व्यवसायाचे एक कारण होते. परभाषेतले चित्रपट आणि मालिका कन्नडमध्ये डब करून दाखवायच्या नाहीत, असा अलिखित दंडक कन्नड चित्रसृष्टीत १९६० च्या दशकापासून चालत आला. स्थानिक कलावंत आणि तंत्रज्ञांच्या पोटावर पाय येऊ नये, ही त्यामागची भूमिका होती. भारतीय स्पर्धा आयोगाने २०१५ मध्ये या बंदीविरुद्ध आदेश दिला. तोवर परभाषेतली गाजलेली गोष्ट कन्नडमध्ये आणायची तर ती नव्याने लिहून, नव्याने चित्रित करावी लागे. डबिंगमध्ये ओठांच्या हालचालीला जुळणारे शब्द शोधले की बरेचसे काम भागते. पुनर्निर्मितीत घर, नाती, जेवण, शिव्या, सण सगळे पुन्हा लिहावे लागते.

‘तुला पाहते रे’ ही मराठी मालिका २०१८ मध्ये सुरू झाली आणि साधारण वर्षभरात संपली. तिच्यावरून केलेली ‘जोते जोतेयली’ कन्नडमध्ये २०१९ ते २०२३ चालली. मध्यमवर्गीय घरातली तरुण मुलगी, वयाने बराच मोठा उद्योगपती आणि त्याच्या भूतकाळातले गुपित हा सांगाडा भाषा ओलांडून जसाच्या तसा उभा राहिला, कारण गुपित कधी उघडायचे हा पटकथेतला निर्णय असतो आणि त्याला भाषा नसते. मुलीच्या घरातली काटकसरीची बोलणी मात्र प्रत्येक भाषेत नव्याने सुचावी लागतात. एका वर्षाचा ऐवज चार वर्षे पुरवायचा म्हटले की त्यात किती पाणी घालावे लागेल, हे दोन्ही पाहणाऱ्याला वेगळे सांगावे लागत नाही. ‘सैराट’ (२०१६) चे कन्नड रूप ‘मनसु मल्लिगे’ (२०१७) या नावाने आले आणि त्यात नायिकाही तीच, रिंकू राजगुरू होती. तरी मूळ चित्रपटातली करमाळ्याकडची बोली ही त्या मुलीच्या ताठ्याची अर्धी बाजू होती. ती बाजू नुसत्या कथानकाबरोबर गाडीत घालून नेता येत नाही, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

सशक्त लेखन म्हणजे जोरकस वाक्ये, हा समज फार पसरलेला आहे. त्याची तपासणी याच भागातल्या एका कल्पित प्रसंगावर करता येईल. खानापूर तालुक्यातले एक घर. बापाच्या हातात शेताचा उतारा आहे. तो कन्नडमध्ये आहे आणि बापाची शाळा मराठीतली. कन्नड शाळेत जाणारी मुलगी तो वाचून दाखवते. थोरल्या मुलाने जमिनीवर परस्पर कर्ज काढलेले आहे आणि ते मुलीला कागदावर आत्ताच दिसले आहे. हा प्रसंग ढिसाळपणे लिहिला तर मुलगी ओरडेल, ‘बाबा, दादानं आपल्याला फसवलं! आपल्या काळ्या आईवर कर्ज काढलं!’ मग ढगांचा गडगडाट आणि तिघांच्या चेहऱ्यावर पाळीपाळीने कॅमेरा. तोच प्रसंग असाही लिहिता येतो :

मुलगी : सर्व्हे नंबर… नाव तुमचंच हाय. दोन एकर अकरा गुंठे. पीक भात.
(थांबते. कागदाची घडी घालू लागते.)
बाप : पुढं?
मुलगी : पुढं काय न्हाई. चहा ठेवतो मी.
(बाप कागद मागून घेतो. अक्षरांवरून बोट फिरवतो. बोट एका जागी थांबते.)
बाप : हा आकडा कसला गं?

बापाला लिपी येत नाही, पण आकडे येतात. मुलीने एक ओळ गाळली हे प्रेक्षकाला आधी कळते, बापाला नंतर, आणि त्या दोन क्षणांमधल्या अंतरात प्रसंग उभा राहतो. कर्ज, फसवणूक, दादा यांतला एकही शब्द उच्चारला गेलेला नाही. शिवाय हा प्रसंग याच मुलखात घडू शकतो. घरातल्या कागदाची भाषा बापाला परकी आणि लेकीला सरावाची, हा पेच साताऱ्यात मिळणार नाही. जागा बदलली की प्रसंग कोसळत असेल, तर तो त्या जागेसाठी नीट लिहिला आहे असे धरायला हरकत नाही.

वरच्या संवादात मुलगी ‘चहा ठेवतो मी’ म्हणते. तो मुद्रणदोष नव्हे. बेळगाव आणि कोल्हापूरकडच्या बोलण्यात बायका-मुली स्वतःबद्दल ‘मी आलो’, ‘मी जातो’ असे सर्रास बोलतात. बाहेरचा संवादलेखक हे ‘चूक’ म्हणून दुरुस्त करतो, नाहीतर ‘गंमत’ म्हणून प्रत्येक वाक्यात कोंबतो, आणि दोन्हीकडे पात्र हातचे जाते. छोट्या पडद्यावरची ‘गावाकडची मराठी’ हा तर एक वेगळाच कारखाना आहे. ‘ण’ चा ‘न’ करायचा, वाक्याला ‘की’ जोडायचा, मधे एक कन्नड शब्द टाकायचा, की झाला सीमाभाग तयार. प्रत्यक्षात इथला माणूस भाषा बदलतो ती समोरचा कोण आहे ते पाहून. बसच्या कंडक्टरशी कन्नड, शेजारणीशी मिसळ, सोयरिकीच्या बैठकीत जपून वापरलेली पुस्तकी मराठी. पात्राने कोणत्या क्षणी भाषा बदलली यावरून त्याची भीती, मतलब किंवा जवळीक एका वाक्यात दाखवता येते. ही सोय फार थोड्या मुलखांतल्या लेखकांना आयती मिळते.

कन्नड-मराठी देवघेव नाटकाइतकी जुनी आहे. कर्नाटकातल्या कर्की गावच्या भागवत मंडळींचे खेळ १८४२ मध्ये सांगलीत झाले. त्यांच्या धर्तीवर विष्णुदास भावे यांनी १८४३ मध्ये ‘सीतास्वयंवर’ रंगभूमीवर आणले. त्या खेळांत पद्ये सूत्रधार म्हणे आणि पात्रांची गद्य भाषणे बरीचशी आयत्या वेळची असत. त्याच १८४३ साली आजच्या बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे अण्णासाहेब किर्लोस्करांचा जन्म झाला. त्यांच्या ‘संगीत शाकुंतल’मध्ये (१८८०) पद्ये सूत्रधाराकडून निघून पात्रांच्या तोंडी आली. कोणी, केव्हा आणि कोणाला उद्देशून बोलायचे हे लेखकाने ठरवणे, हा पटकथेचा गाभा त्यात आधीच आहे.

पु. ल. देशपांडे यांनी बेळगावच्या राणी पार्वतीदेवी कॉलेजात काही काळ अध्यापन केले. ‘गुळाचा गणपती’ (१९५३) या चित्रपटात लेखनापासून संगीत, दिग्दर्शन आणि प्रमुख भूमिकेपर्यंत सगळे त्यांचेच होते. त्यांच्या ‘रावसाहेब’ या व्यक्तिचित्रातला बेळगावी माणूस कन्नड वळणाच्या मराठीत बोलतो. ती भाषा हशा पिकवते खरी, पण माणसाला हास्यास्पद करत नाही. प्रकाश नारायण संत यांच्या लंपन या शाळकरी मुलाच्या कथांवरून २०२४ मध्ये निपुण धर्माधिकारी यांच्या दिग्दर्शनाखाली वेब मालिका आली आणि त्या वर्षी गोव्यातील भारतीय आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात तिला सर्वोत्कृष्ट वेब मालिकेचा पुरस्कार मिळाला. या कथांत घडते थोडे आणि मुलाच्या मनात चालते फार. मनातले हे बोलणे निवेदनात वाचून दाखवले तर पडद्यावर पुस्तकच उरते. पूर्ण गाळले तर लंपन हरवतो. रूपांतराचा सगळा कस या दोन टोकांच्या मधे लागतो.

पटकथेच्या तंत्राबद्दल थोडक्यात. एक पान म्हणजे पडद्यावरचे साधारण एक मिनिट, हा ढोबळ हिशेब जगभर चालतो. मालिकेच्या अर्ध्या तासाच्या भागात जाहिराती वगळता वीस-बावीस मिनिटे उरतात आणि आठवड्याला पाच-सहा भाग लागतात. त्यामुळे कथाविस्तार एकाने, पटकथा दुसऱ्याने, संवाद तिसऱ्याने असे काम वाटले जाते. आधीच तयार करून ठेवलेल्या भागांची ‘बँक’ संपली की सकाळच्या चित्रीकरणाची पाने सकाळीच सेटवर पोचतात. दाराआडून ऐकणे, एका फोनने मिटेल असा गैरसमज महिनाभर ताणणे, एकाच धक्क्यावर तीन-तीनदा चेहरे दाखवणे, यांत लेखकाचा आळस कमी आणि वेळेची ओढाताण जास्त असते. दर आठवड्याचा टीआरपीचा आकडा पाहून महिन्यापूर्वी ठरलेली गोष्ट वळवली जाते, ते वेगळेच. नटाने सांभाळून नेलेला प्रसंग प्रेक्षक विसरत नाही, पण तशा नटाला रोज सांभाळूनच न्यावे लागत असेल तर दोष कागदावर आहे.

लेखकाच्या मोबदल्याचा प्रश्न याला लागूनच आहे. २०१२ च्या कॉपीराइट दुरुस्तीने चित्रपटात वापरलेल्या साहित्यकृतीच्या लेखकाला, चित्रपटगृहातले प्रदर्शन सोडून होणाऱ्या इतर वापरावरच्या स्वामित्वधनाचा हक्क दिला आणि करारात तो सोडून देता येणार नाही अशी तरतूद केली. कागदावरचा हक्क आणि हातात पडणारा पैसा यांतले अंतर लेखकांना ठाऊक आहे. अमेरिकेत २०२३ मध्ये पटकथालेखकांनी १४८ दिवस संप केला, तेव्हा तिथले चित्रपट-मालिकांचे बरेच कारखाने लेखकांच्या टेबलावरूनच सुरू होतात हे जगाला दिसले. भारतात राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत पटकथेचा स्वतंत्र विभाग आहे. विजय तेंडुलकर यांना तो ‘मंथन’साठी मिळाला. २००९ च्या पुरस्कारांपासून मूळ पटकथा, रूपांतरित पटकथा आणि संवाद असे त्याचे तीन भाग झाले.

सीमाभागात पटकथा शिकण्याची सोय तुटपुंजी असली तरी गोष्ट ऐकवण्याची सवय मोडलेली नाही. कडोली, उचगाव, येळ्ळूर अशा गावांत गावकरी मराठी साहित्य संमेलने भरवतात. सकाळी ग्रंथदिंडी निघते आणि पुढच्या सत्रांत कथाकथन असते. तिथला मुरलेला कथाकार ‘तो म्हणाला’, ‘ती म्हणाली’ गाळून टाकतो आणि नुसता आवाज बदलतो. निसर्गवर्णनाचा परिच्छेद आला आणि मंडपातली मागची रांग चहाकडे बघू लागली, की तो दोन पाने एकदम उलटतो आणि थेट भांडणावर येतो.