गाडी थांबायची म्हणून वसलेलं गाव: नेब्रास्कातलं नॉर्थ प्लॅट

नॉर्थ प्लॅटचं नाव बऱ्याच जणांनी फक्त त्या कँटीनच्या गोष्टीत ऐकलेलं असतं, दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या नेब्रास्का राज्यातल्या एका छोट्या गावाने लाखो सैनिकांना फुकट खाऊपिऊ घातलं ती. गोष्ट खरी आहे आणि मला मनापासून आवडते, पण नुसती चांगुलपणाची म्हणून सांगितली की अर्धीच राहते. लोक चांगले होतेच हो, पण इतक्या गाड्या नेमक्या तिथेच का थांबायच्या? त्यासाठी १८६६ पर्यंत मागे जावं लागतं.

युनियन पॅसिफिक या रेल्वे कंपनीने ओमाहा शहराकडून पश्चिमेला रूळ टाकायला घेतले १८६५ मध्ये, आणि १८६६ चा हिवाळा आला तेव्हा काम साधारण २९० मैलांवर पोचलं होतं, जिथे प्लॅट नदीचे उत्तर आणि दक्षिण असे दोन प्रवाह एकत्र येतात तिथे. चीफ इंजिनियर ग्रेनविल डॉज यांनी इथेच गाव आखलं. तो हिवाळाभर मजूर, व्यापारी, जुगारी, दारूवाले असे सगळे तंबू ठोकून बसले आणि १८६७ मध्ये रूळ पुढे ज्युल्सबर्गकडे सरकले तसा हा सगळा बाजारही तंबू गुंडाळून मागोमाग गेला. मागे उरली ती थोडीशी वस्ती. आणि ही जमीन काही रिकामी पडलेली नव्हती, पॉनी, लाकोटा, शायेन या मूळ रहिवासी जमातींच्या लोकांचं येणंजाणं, शिकार, सगळं याच खोऱ्यात होतं. १८६७ च्या ऑगस्टमध्ये शायेन लोकांनी पूर्वेला प्लम क्रीकजवळ रूळ उखडून मालगाडी पाडली होती. आपल्या जमिनीवरून काय जातंय हे त्यांना पुरतं कळलं होतं.

बाजार उठला तरी गाव टिकलं, कारण वाफेचं इंजिन. त्याला ठरावीक अंतरावर पाणी लागतं, कोळसा लागतो, वंगण लागतं, आणि ड्रायव्हर-फायरमनची ड्युटी कुठेतरी बदलावीच लागते. ते ठिकाण म्हणजे नॉर्थ प्लॅट. मग इंजिनांची शेड आली, वर्कशॉप आलं, तिथे काम करणाऱ्यांची घरं, दुकानं, चर्च, शाळा आल्या. ‘वाइल्ड वेस्ट’ खेळांसाठी गाजलेल्या बफेलो बिल कोडीचं रँचही इथलंच आणि १८८२ च्या ४ जुलैला त्याने इथे जो मोठा खेळ भरवला त्याला बरेच लोक रोडिओची, म्हणजे काउबॉयांच्या घोडे-बैलांवरच्या कसरतींच्या स्पर्धांची, सुरुवात मानतात. पण गावाचा खरा माणूस म्हणाल तर मी विल्यम जेफर्स यांचं नाव घेईन. १८७६ मध्ये इथेच जन्मलेला हा माणूस पोरवयात रेल्वेत अगदी खालच्या कामावर लागला आणि १९३७ मध्ये थेट युनियन पॅसिफिकचा प्रेसिडेंट झाला.

एक गोष्ट मात्र गावाच्या कौतुकात बऱ्याचदा गाळली जाते, ती गाळू नये. १९२९ च्या जुलैमध्ये एका पोलिसाचा खून झाला, आरोप एका काळ्या माणसावर होता, आणि जमावाने गावातल्या सगळ्याच काळ्या लोकांना गाव सोडायला लावलं. कुटुंबंच्या कुटुंबं हाताला लागेल ते घेऊन निघून गेली. म्हणजे कँटीनच्या फक्त १२ वर्षं आधी!

आता कँटीन. १७ डिसेंबर १९४१, पर्ल हार्बरवरच्या हल्ल्याला १० दिवस झालेले. नेब्रास्का नॅशनल गार्डच्या (राज्याच्या राखीव सैन्याच्या) ‘कंपनी डी’ या तुकडीची पोरं गाडीने जाणार अशी बातमी फुटली, म्हणून आयाबाया केक, फळं, सिगरेटी घेऊन स्टेशनवर जमल्या, आणि गाडी आली तर आत कंपनी डीच, पण कॅन्ससची. क्षणभर सगळे गप्प झाले आणि मग आणलेलं सगळं त्याच पोरांच्या हातात दिलं. दुकानात काम करणाऱ्या रे विल्सन या २६ वर्षांच्या मुलीने दुसऱ्याच दिवशी गावच्या पेपरात पत्र लिहिलं की हे आपण रोज का करू नये. ख्रिसमसच्या दिवशी सुरुवात झाली, आणि स्टेशनातली जागा वापरायला परवानगी दिली जेफर्स यांनीच.

गाडी थांबायची १०-१५ मिनिटं, इंजिनात पाणी भरून होईपर्यंत. तेवढ्यात पोरं उतरून धावत यायची, सँडविच, उकडलेली अंडी, कॉफी, दूध, कुणाचा वाढदिवस असेल तर त्याच्या हातात अख्खा केक. पॉपकॉर्नच्या लाडूंमध्ये मुली आपलं नाव-पत्ता लिहिलेली चिठ्ठी घालून ठेवायच्या आणि त्यातून पत्रव्यवहार सुरू झाले, काही लग्नंसुद्धा जमली. साखर, कॉफी, पेट्रोल सगळ्यावर रेशनिंग असताना १२५ च्या आसपास गावं पाळी लावून आपापल्या घरचं घेऊन यायची, काही तर खूप लांबून. हे १ एप्रिल १९४६ पर्यंत एक दिवस न चुकता चाललं, जवळपास ६० लाख सैनिक तिथून जेवून गेले, आणि गावची लोकसंख्या किती, तर १२ हजारांच्या घरात.

मग डिझेल आलं. डिझेल इंजिनाला पाण्यासाठी थांबायचं कारणच उरलं नाही, त्यात लोक मोटारीने आणि विमानाने जायला लागले. १ मे १९७१ ला अॅमट्रॅक ही देशभरच्या पॅसेंजर गाड्या चालवणारी सरकारी कंपनी सुरू झाली, त्यांनी निवडलेला मार्ग इथून जात नव्हता, त्यामुळे पॅसेंजर गाडी कायमची बंद. १९७३ मध्ये ती स्टेशनची इमारतही पाडली. मला हे वाचून फार वाईट वाटतं, निदान ती एक खोली तरी ठेवायला हवी होती.

मालगाड्या मात्र वाढतच गेल्या. गावाला लागून असलेलं बेली यार्ड ८ मैल लांब आणि २,८५० एकरांचं आहे, जगातलं सगळ्यात मोठं रेल्वे यार्ड. वाघिणी एका मुद्दाम बांधलेल्या उंचवट्यावर ढकलत नेतात, वर सुट्या करतात आणि त्या उतारावरून आपोआप घरंगळत ज्या त्या रुळावर जातात, पूर्वेकडे जाणाऱ्या गाड्यांचा उंचवटा ३४ फुटांचा आहे. कोळशाची वाहतूक घटली आणि २०१९ च्या सुमाराला युनियन पॅसिफिकने कामाची पद्धत बदलली, तेव्हा इथे नोकऱ्या गेल्या. दीडशे वर्षं एकाच मालकावर उभं असलेलं गाव, त्याच्या प्रत्येक निर्णयाची झळ घराघरात पोचते.

जून २०१८ मध्ये आर्कान्सा नॅशनल गार्डचे सुमारे ७०० सैनिक ट्रेनिंग संपवून घरी परतताना इथून जाणार होते. गावाने पुन्हा टेबलं मांडली, घरोघरून खाणं आलं, म्हातारी माणसं दारात उभी राहिली. सैनिक आले ते बसने.