विष यकृतातच तयार होतं

भुईआवळी किंवा पुनर्नवा यकृताला खरंच उपयोगी पडते का, हे तपासायचं तर आधी बिघडलेलं यकृत हवं. नागपूरच काय, देशभरातल्या फार्मसी कॉलेजांत त्यासाठी पांढऱ्या उंदरांना तेलात मिसळून कार्बन टेट्राक्लोराइड देतात. एकेकाळी ड्राय क्लीनिंगला आणि आग विझवायलाही हाच द्रव वापरत. एका डोसनंतर साधारण २४ तासांत उंदराचं एसजीपीटी, म्हणजे यकृताच्या पेशी बिघडल्या की रक्तात वाढणारं एन्झाइम, भराभर चढतं. आठवड्यातून दोनदा, असं काही आठवडे चालू ठेवलं की यकृतात चिवट तंतूंचं जाळं वाढतं आणि पुढे सिरॉसिस होतो.

हा द्रव स्वतः मात्र यकृताचं फारसं काही बिघडवत नाही. यकृतात सीवायपी२ई१ नावाचं एन्झाइम आहे. बाहेरून आलेल्या रसायनांचा निकाल लावणं हे त्याचं काम. त्याच्या तावडीत या रेणूतला एक क्लोरीन सुटतो, आणि उरलेला तुकडा पेशीच्या पटलातल्या चरबीवर तुटून पडतो. ज्या पेशींत हे एन्झाइम जास्त, म्हणजे मध्यशिरेभोवतीच्या, त्याच आधी मरतात. मायक्रोस्कोपखाली तिथेच मेलेल्या पेशींचं कडं दिसतं.

आहारात प्रथिनं कमी असलेल्या उंदरांमध्ये हे एन्झाइम कमी असतं, म्हणून ते या विषापुढे जास्त टिकतात. कुपोषणाचा हा एवढाच फायदा! उलट आधी दारू पाजलेल्या उंदरांत एन्झाइम वाढतं आणि तेवढ्याच डोसने यकृताची जास्त नासाडी होते. मला यातली हीच गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची वाटते. बुटीबोरी किंवा हिंगण्याच्या एमआयडीसीतला कामगार दिवसभर एकाच रसायनाच्या वाफेत थोडाच असतो? कारखान्याच्या हवेत किती रसायन चालेल याच्या मर्यादा मात्र बहुतांशी एकेका रसायनाच्या ठरवलेल्या असतात.

उंदराला झालं ते माणसाला होईलच असं नाही. फेनोबार्बिटल या फिटवरच्या औषधाने उंदरांच्या यकृतात गाठी होतात; ते वर्षानुवर्षं घेणाऱ्या फिटच्या रुग्णांत तसं ठामपणे दिसलेलं नाही. पीव्हीसीचा कच्चा माल असलेल्या व्हिनाइल क्लोराइडचं मात्र उलटं. त्यालाही हेच एन्झाइम घातक बनवतं. उंदरांत कॅन्सर दिसला, आणि १९७४ मध्ये अमेरिकेतल्या लुईव्हिलच्या कारखान्यातल्या कामगारांत यकृताचा अँजिओसार्कोमा, म्हणजे तिथल्या रक्तवाहिन्यांचा कॅन्सर, सापडल्याचं जाहीर झालं. तो इतका दुर्मिळ, की मोजक्याच रुग्णांवरून संशय आला. साध्या फॅटी लिव्हरचं तसं नाही. ते वजनाने होतं, दारूने होतं, रसायनानेही होतं, आणि रिपोर्टवरचा एसजीपीटीचा आकडा यातलं कुठलं कारण ते सांगत नाही.