शिडी, बादली आणि रिकामी थिएटरं: ब्रिटिश सेक्स कॉमेडी आली कुठून?

‘कन्फेशन्स ऑफ अ विंडो क्लीनर’ हा १९७४ सालचा ब्रिटिश चित्रपट त्या वर्षी तिथे धो धो चालला. गोष्ट अगदी साधी. टिमी ली नावाचा पोरगा शिडी-बादली घेऊन घरोघर खिडक्या पुसायला जातो आणि काचेपलीकडच्या बायका त्याला आत बोलावतात. एका प्रसंगात स्वयंपाकघरात साबणाचा फेस वाढत जातो आणि टिमी नि घरमालकीण दोघंही त्यात बुडतात. हा फेस जरा नीट पाहायला हवा. अंग उघडं आहे, पण दिसतं बेतानंच, आणि ऐन वेळी प्रेक्षक हसून मोकळा होतो. सत्तरच्या दशकात ब्रिटनमध्ये अशा सेक्स कॉमेडींची लाटच आली, आणि त्या सगळ्यांचं तंत्र या फेसात सापडतं.

या लाटेचं श्रेय सहसा साठच्या दशकातल्या मोकळेपणाला दिलं जातं. १९६७ मध्ये गर्भपाताचा आणि समलिंगी संबंधांचा कायदा सैल झाला, १९६८ मध्ये नाटकांवरची सरकारी सेन्सॉरशिप उठली. हे खरंच आहे. पण माझ्या मते मोकळेपणापेक्षा कडकीचा हात मोठा होता.

ब्रिटनमध्ये १९४६ साली वर्षभरात सिनेमाची १६० कोटींहून जास्त तिकिटं खपली होती. १९७० पर्यंत हा आकडा २० कोटींच्याही खाली आला. घरोघरी टीव्ही आला होता, आणि साठच्या दशकात लंडनमध्ये पैसा ओतणारे अमेरिकन स्टुडिओ दशक संपता संपता हात आखडता घेऊ लागले. उरलेल्या निर्मात्यांना स्वस्तात बनेल आणि टीव्हीवर दाखवता येणार नाही असं काहीतरी हवं होतं. त्यात ‘ईडी लेव्ही’ची भर पडली. प्रत्येक तिकिटामागे थोडी रक्कम कापून एका निधीत जमा व्हायची आणि ब्रिटिश चित्रपटांना त्यांच्या गल्ल्याच्या प्रमाणात परत मिळायची. देशी सिनेमा जगावा म्हणून केलेली ही सोय. पण निधीला दर्जा कळत नाही, गल्ला कळतो. थोडक्या पैशांत काढलेल्या चालत्या सेक्स कॉमेडीला या सोयीचा फायदा दुहेरी.

सेन्सॉरनेही वाट रुंद केली. ‘एक्स’ प्रमाणपत्राची वयोमर्यादा १९७० मध्ये सोळावरून अठरा झाली, त्यामुळे प्रौढांसाठी जास्त सूट देता येऊ लागली. तरी मर्यादा होतीच. उघडं अंग चालेल, प्रत्यक्ष संभोग नाही. म्हणून मधली जागा विनोदानं भरली गेली: अवेळी घरी परतलेला नवरा, कपाटात लपलेला प्रियकर, घसरलेला टॉवेल.

हा विनोद मात्र आयता मिळाला होता. म्युझिक हॉलमधले, म्हणजे गाणी-नकलांच्या लोकप्रिय रंगमंचावरचे, द्व्यर्थी विनोद आणि समुद्रकिनाऱ्यावर विकली जाणारी चावट पोस्टकार्डं इंग्रज माणसाच्या अंगवळणी पडली होती. त्या कार्डांचा चित्रकार डॉनल्ड मॅकगिल याच्यावर १९५४ मध्ये अश्लीलतेचा खटला होऊन दंडही झाला. पुढे १९५८ पासून ‘कॅरी ऑन’ या विनोदी चित्रपटांच्या मालिकेनं तोच चावटपणा पडद्यावर आणला, अंगावर कपडे ठेवून.

कपडे उतरवण्याची सुरुवात वेगळीकडून झाली होती. नग्नतावाद्यांच्या शिबिरांचे ‘माहितीपट’ साठच्या दशकाच्या उंबरठ्यावर निघू लागले. निमित्त आरोग्याचं, उन्हाचं, मोकळ्या हवेचं. त्यातला एक, १९६१ चा, जॉर्ज हॅरिसन मार्क्स या छायाचित्रकारानं काढला होता. याच मार्क्सनं १९७७ मध्ये ‘कम प्ले विथ मी’ दिग्दर्शित केला. पैसा प्रौढ मासिकांचा मालक डेव्हिड सलिव्हन याचा. पडद्यावर आयरीन हँडल, ॲल्फी बास यांच्यासारखी घरोघरी ओळखीची, मुरलेली मंडळी होती. उतारवयात त्यांना मिळालेली ही कामं पाहताना मला वाईट वाटतं. सलिव्हनच्या मासिकांनी आधीपासून एवढी हवा केली की लंडनच्या सोहो भागातल्या ‘मूलँ’ थिएटरात हा चित्रपट १९८१ पर्यंत, जवळजवळ चार वर्षं, चालला.

जाहिरातींत चेहरा होता मेरी मिलिंग्टन या मॉडेल-अभिनेत्रीचा. चित्रपटातलं तिचं काम छोटंसं, पण गर्दी तिच्या नावावर व्हायची. अश्लीलताविरोधी कायदा रद्द व्हावा असं ती उघडपणे बोलत असे, आणि पोलिसांच्या धाडी नि कराची थकबाकी तिच्या मागे लागली होती. ऑगस्ट १९७९ मध्ये, वयाच्या ३३व्या वर्षी, तिनं आयुष्य संपवलं. तिचा चित्रपट त्या दिवशीही सोहोत सुरूच होता. या दशकाबद्दल गमतीनं लिहिणारे पुष्कळ आहेत. तिच्याबद्दल लिहिताना मला गंमत सुचत नाही.

पुढचा शेवट लवकर झाला. व्हिडिओ कॅसेट आली आणि जे पाहायला अंधाऱ्या थिएटरात जावं लागे ते घरी आलं. १९८४ मध्ये तिकीटविक्री साडेपाच कोटींच्या आसपास घसरली, आणि १९८५ मध्ये ईडी लेव्हीही बंद झाली.