मॉड पुसला तरी उत्तर बरोबर का येतं?

बारावीची परीक्षा जवळ आली की ‘काही सेकंदांत डिफरन्शियल इक्वेशन’ (एखादी राशी आणि तिच्या बदलाचा दर यांचं नातं सांगणारं समीकरण) असे व्हिडिओ फिरू लागतात. त्यातला एक सल्ला ठरलेला असतो: इंटिग्रेशन (बदलाच्या दरावरून मूळ राशी काढणं) झाल्यावर लॉगच्या आत मॉड, म्हणजे केवल मूल्याच्या त्या दोन उभ्या रेघा, लिहीत बसू नका, शेवटी सगळं इंटिग्रेशनच्या स्थिरांकात जातं. तसं केलं तरी बहुतेक वेळा उत्तर बरोबर येतं. पण ते का येतं, ही त्या धड्यातली सर्वांत देखणी गोष्ट, आणि नेमकी तीच गाळली जाते.

पुस्तकातलंच उदाहरण घेऊ, न्यूटनच्या शीतलन नियमाचं. १७०१ साली न्यूटनने तो एका निनावी लॅटिन लेखात मांडला. वस्तू आणि भोवतालची हवा यांच्या तापमानातला फरक जितका मोठा, तितक्या वेगाने तो कमी होतो. हा फरक ‘फ’ आणि वेळ ‘व’ मानला, तर फ च्या बदलाचा दर = −क × फ (क हा धन स्थिरांक). फ डावीकडे आणि वेळ उजवीकडे नेली की डावीकडे १/फ चं इंटिग्रेशन करायचं उरतं, आणि त्यातून लॉग फ येतो.

खोली ३० अंशांवर आहे. ८० अंशांचा चहा ठेवला तर फ = +५०. फ्रिजमधलं ५ अंशांचं पाणी ठेवलं तर फ = −२५. ५० चा लॉग घेता येतो. −२५ चा वास्तव संख्यांमध्ये नसतोच. पाणी मात्र त्याच नियमाने कोमट होत जातं.

वाट सापडते ती अशी. फ ऋण असेल तर −फ धन असतो, त्याचा लॉग घेता येतो. चेन रूल (आतल्या राशीच्या डेरिव्हेटिव्हनेही गुणण्याचा नियम) लावून त्याचा डेरिव्हेटिव्ह, म्हणजे बदलाचा दर, काढा: १/(−फ) गुणिले −१, म्हणजे पुन्हा १/फ. तेव्हा फ धन असेल तर लॉग फ, ऋण असेल तर लॉग (−फ). ही दोन वाक्यं एकत्र लिहिली की लॉग |फ| होतं. मॉड कुणी वरून लादलेला नाही.

याच मुद्द्यावर १७१२–१३ मध्ये योहान बर्नुली आणि लाइबनिझ या गणितज्ञांचा पत्रांतून वाद झाला. बर्नुलीचं म्हणणं, दोन्हींचे डेरिव्हेटिव्ह सारखे, म्हणून लॉग (−फ) आणि लॉग फ एकच. लाइबनिझला ते मान्य नव्हतं. ऋण संख्येला खरा लॉग नसतोच, असं तो म्हणे. निकाल लावला बर्नुलीचाच शिष्य ऑयलर याने, बर्लिन अकादमीने १७५१ साली छापलेल्या निबंधात. डेरिव्हेटिव्ह सारखे असले तरी दोन फलनांत एका स्थिरांकाचा फरक राहू शकतो. इथे तो फरक लॉग (−१) एवढा, आणि त्याची एक किंमत पाय गुणिले −१ चं वर्गमूळ अशी काल्पनिक आहे. म्हणजे इंटिग्रेशनचा स्थिरांक काल्पनिक भागासकट घेतला, तर ऋण चिन्ह खरोखरच त्याच्या पोटात मावतं. ई (लॉगचा आधार, सुमारे २.७१८), पाय आणि −१ यांना जोडणारं ऑयलरचं सूत्र हेच सांगतं: ई^(पाय × √−१) = −१. ते इथे किती नेमकं काम करतं ते पाहावं.

वास्तव संख्यांतच राहायचं तर मॉड असा निघतो: लॉग |फ| = −कव + स (स हा इंटिग्रेशनचा स्थिरांक), म्हणजे |फ| = ई^स × ई^(−कव), म्हणून फ = ± ई^स × ई^(−कव). हे चिन्ह दर क्षणाला नव्याने निवडायचं का? नाही. फ सलग बदलतो. धनातून ऋणात जायचं तर त्याला शून्यातून जावं लागेल, आणि उजवी बाजू तर कधीच शून्य होत नाही. त्यामुळे सुरुवातीला जे चिन्ह असेल तेच शेवटपर्यंत राहतं. म्हणूनच ± आणि ई^स मिळून एकच स्थिरांक ‘अ’ लिहिता येतो: चहासाठी +५०, पाण्यासाठी −२५.

अ = ० मात्र या वाटेने मिळत नाही. पाणी आधीपासूनच ३० अंशांवर असेल तर फ कायम शून्य, आणि समीकरणाचं हेही उत्तर आहे. सुरुवातीलाच फ ने भागताना आपण ते टाकून दिलं होतं. ते वेगळं तपासून परत घ्यावं लागतं, आणि हे मॉडपेक्षाही जास्त वेळा राहून जातं.

आता हा शॉर्टकट कुठे अडतो ते पाहा. वक्राचा उतार = य/क्ष असं समीकरण घ्या. लॉग |य| = लॉग |क्ष| + स, म्हणून य = अ × क्ष. पण क्ष = ० पाशी समीकरणाला अर्थच नाही; तिथे अक्षाचे दोन तुकडे होतात, आणि प्रत्येक तुकड्याचा अ वेगळा असू शकतो. उजवीकडे अ = १ आणि डावीकडे अ = −१ घेतला तर य = |क्ष| मिळतं. ते दोन्ही बाजूंना समीकरण पाळतं, पण एकच अ घेऊन ते लिहिता येत नाही. ‘क्ष = २ असताना य = २’ एवढंच दिलं असेल तर पुरं उत्तर आहे य = क्ष, फक्त क्ष > ० साठी. डावीकडच्या तुकड्यात अ काय असेल, याबद्दल ती अट काहीच सांगत नाही.