गळालेला चरण

मागच्या महिन्यात एका मित्राच्या गावच्या वाड्यात पोथ्यांचं गाठोडं निघालं. त्याने लगेच फोन केला. "यातली सगळ्यात जुनी कुठली ते सांग. तीच खरी ना?" गावातल्या दोघाचौघांना मात्र मोडी कागदांत गुप्तधनाची खूण हवी होती. त्यांचं समाधान करणं सोपं आहे. घरोघरी सापडणारे मोडी कागद बहुतेक जमिनीचे, वतनाचे, देण्याघेण्याचे असतात. त्यांच्यावरून मांत्रिक बोलावून अंगणं खणायची आणि ज्या कागदांतून गावाचा इतिहास कळला असता ते भिजू द्यायचे, याचं मला फार वाईट वाटतं.

मित्राचा समज अधिक पसरलेला आहे, आणि तोही चुकीचा आहे. १६०० सालची पोथी एखाद्या गबाळ्या प्रतीवरून उतरवलेली असू शकते, तर १७५० सालची पोथी आज नष्ट झालेल्या एखाद्या उत्तम प्रतीवरून. कागदाचं वय वेगळं, पाठाचं, म्हणजे त्यावरच्या मजकुराचं, वय वेगळं. वाचून हे मला माहीत होतं. उमगलं मात्र पुण्यातल्या एका कार्यशाळेत, स्वतः पोथी उतरवायला बसल्यावर.

पहिला दिवस शाईचा. तिळाच्या तेलाच्या दिव्यावर धरलेलं काजळ, बाभळीचा डिंक, पाणी, आणि हात भरून येईपर्यंत खल. काजळ म्हणजे जवळजवळ निव्वळ कार्बन. उजेडाने तो विटत नाही, म्हणून पाचशे वर्षांपूर्वीची अक्षरंही काळीभोर दिसतात. पण ही शाई कागदात मुरत नाही. तिचे कण डिंकाच्या आधाराने वर बसून राहतात. ओला हात लागला की डिंक सुटतो आणि अक्षर पसरतं. पोथीच्या शेवटी लेखनिक 'तैलाद्रक्षेज्जलाद्रक्षेत्', तेलापासून राख, पाण्यापासून राख, असं का विनवतो ते तेव्हा कळतं. टीव्हीवर पोथी हाताळताना पांढरे हातमोजे दिसतात. आम्हांला हात धुऊन, कोरडे करून, मोज्यांशिवाय पानं उलटायला शिकवलं. कापडातून पानाची कड बोटाला कळत नाही आणि ठिसूळ कोपरा मोडतो.

दुसऱ्या दिवशी बोरू हातात आला. उतरवायला ज्ञानेश्वरीतली दुसरी ओवी होती, जुन्या पद्धतीने, शब्दांत जागा न सोडता लिहिलेली:

देवातूंचिगणेशुसकलार्थमतिप्रकाशुम्हणेनिवृत्तिदासुअवधारिजोजी

नक्कल करताना आपण काय करतो बघा. डोळा मूळ पानावरची काही अक्षरं उचलतो. मन ती क्षणभर धरून ठेवतं. हात ती लिहितो. मग डोळा परत मूळ पानावर जातो आणि आपण थांबलो ती जागा शोधतो. जागेची खूण म्हणून त्याच्याजवळ असतं फक्त शेवटचं लिहिलेलं अक्षर. मी 'गणेशु' लिहिलं, वर पाहिलं, 'शु' शोधला, आणि सापडला तो 'प्रकाशु'मधला. तिथून पुढे 'म्हणे निवृत्तिदासु'. मधला अख्खा चरण गळाला.

माझ्या कागदावर राहिलं ते असं: देवा तूंचि गणेशु, म्हणे निवृत्तिदासु, अवधारिजो जी. अर्थ लागतो! म्हणूनच ही चूक कुणाला खुपत नाही. माझ्या कागदावरून पुढची प्रत करणारा ती निमूटपणे पुढे नेणार. ओवीचे पहिले तीन चरण यमकाने बांधलेले असतात. जे यमक गाणाऱ्याला ओवी लक्षात ठेवायला मदत करतं, तेच नकलणाऱ्याच्या डोळ्याला चकवतं. इतकी वर्षं ओव्या वाचून ही गोष्ट माझ्या ध्यानात आली नव्हती.

आता यातलं विज्ञान. समजा क, ख, ग अशा तीन प्रती आहेत. ख आणि ग यांच्यात एकसारखीच विचित्र चूक आहे, क मध्ये ती नाही. मग ख आणि ग यांचा एक समान पूर्वज असावा आणि चूक त्याच्याकडून आली असावी. तिघींत एखादा शब्द बरोबर असेल, तर त्यावरून काहीच ठरत नाही, कारण बरोबर शब्द मुळापासूनच आलेला असू शकतो. नातं ठरतं ते सामायिक चुकांवरून. उत्क्रांतीच्या अभ्यासात डीएनएमधल्या सामायिक बदलांवरून जीवांचा वंशवृक्ष मांडतात, त्याचं तर्कशास्त्र हेच. साम्य इतकं नेमकं आहे की जनुकांसाठी बनवलेलं सॉफ्टवेअर पोथ्यांना लावता येतं. जुना इंग्रजी कवी चॉसर याच्या 'कँटरबरी टेल्स'मधल्या एका भागाच्या पंधराव्या शतकातल्या ५८ प्रतींचा वंश संशोधकांनी असाच मांडला आणि १९९८ साली तो 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात छापून आला. पुढे २००४ साली एका गटाने स्वयंसेवकांकडून एक उतारा हातानेच प्रतीवरून प्रत असा उतरवून घेतला. खरा वंशवृक्ष माहीत होता. संगणकाने काढलेला त्याच्या बऱ्यापैकी जवळ गेला.

पण सगळ्या चुकांचं वजन सारखं नसतं. आमच्यातल्या तिघांनी एकमेकांचं न बघता तोच चरण गाळला होता. आमच्या प्रतींत नातं काहीच नव्हतं, सापळा मात्र एकच होता. वटवाघूळ आणि पक्षी दोघांना पंख आहेत म्हणून वटवाघूळ पक्ष्यांच्या कुळातलं ठरत नाही, तसंच हे. 'च'चा 'व' होणं, 'घ'चा 'ध' होणं, यमकावरून उडी पडणं, या चुका कुणीही स्वतंत्रपणे करील. जी चूक सहजी दुसऱ्यांदा होणार नाही तीच वंशाची साक्ष देते. कुठली चूक किती सहज होते, हे नकलून पाहिलेल्याला नेमकं कळतं. 'आता संगणकच पोथ्या वाचतील, माणसाने शिकायची गरज नाही' असं सध्या ऐकू येतं. संगणकाने अक्षरं ओळखावीत, मला आनंदच आहे. पण प्रत्येक चुकीचं वजन त्याला आधी कुणीतरी सांगावं लागतं.

भांडारकर संस्थेने महाभारताची चिकित्सक आवृत्ती, म्हणजे अनेक प्रती ताडून ठरवलेला पाठ, १,२५९ हस्तलिखितं पाहून सिद्ध केली. १९१९ ते १९६६ इतकी वर्षं त्यात गेली. संपादक वि. सी. सुखटणकर यांच्यापुढची मोठी अडचण मिश्रणाची होती. लेखनिक समोर दोन-दोन प्रती ठेवत, एकीत नसलेले श्लोक दुसरीतून घेत. मग फांद्या एकमेकींत गुंततात आणि सरळ वृक्ष उरत नाही. एकनाथांपुढेही असाच गुंता होता. शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ च्या सुमारास, त्यांनी ज्ञानेश्वरी शुद्ध केली आणि शेवटी स्वच्छ लिहून ठेवलं:

ग्रंथ पूर्वींच अतिशुद्ध । परी पाठांतरीं शुद्धाबद्ध ।

म्हणजे ग्रंथ मुळात शुद्धच, पण वेगवेगळ्या पाठांत शुद्ध आणि अशुद्ध मिसळलेलं.

शेवटच्या दिवशी आमच्या सगळ्या प्रती मिसळल्या आणि कुठली कुठलीवरून उतरली ते ओळखायला दिलं. बाकीचा वृक्ष जुळला, एक प्रत मात्र चुकीच्या फांदीवर बसली. तीत 'सकलार्थमतिप्रकाशु' होतं, म्हणून आम्ही ती चांगल्या मूळ प्रतीची मुलगी ठरवली. ती उतरली होती माझ्या सदोष कागदावरून. लिहिणाऱ्या आजींना ज्ञानेश्वरी पाठ होती. गळालेला चरण त्यांच्या हाताने आपोआप भरून टाकला होता, आणि त्यांना स्वतःलाही ते कळलं नव्हतं.