‘उचलून नेतील’ : ठाणे आणि नवी मुंबईतल्या साथभयाची पार्श्वभूमी

करोनाच्या पहिल्या तीन-चार महिन्यांत ठाणे, नवी मुंबई आणि आसपासच्या शहरांतील लोक जसे वागले, त्याचे वर्णन पुढे बहुतेकांनी ‘घबराट’ आणि ‘अज्ञान’ या दोन शब्दांत उरकले. दुधाच्या पिशव्या साबणाने धुणे, लिफ्टचे बटण टूथपिकने दाबणे, गल्लीच्या तोंडाशी बांबू आडवे बांधणे, रुग्णालयातून ड्यूटी करून आलेल्या परिचारिकेला सोसायटीच्या फाटकात अडवणे, आणि घरात कोणाला ताप आला तर तो शेजाऱ्यांना कळू न देणे, हे सगळे त्या काळात घडले यात शंका नाही. मात्र यातल्या शेवटच्या गोष्टीचा, म्हणजे ताप लपवण्याचा, उलगडा केवळ अज्ञानाने होत नाही. ताप लपवणाऱ्याला रोग ठाऊक होता. त्याला धास्ती होती ती रोग उघड झाल्यावर आपले काय होईल याची. या धास्तीला ठाणे जिल्ह्यात सव्वाशे वर्षांचा इतिहास आहे आणि तो मुख्यतः रेल्वेच्या रुळांलगत घडलेला आहे.

सप्टेंबर 1896 मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी गाठीच्या प्लेगचे निदान केले. त्यानंतरच्या काही महिन्यांत मुंबईतील लाखो लोकांनी शहर सोडले. गिरण्यांतला कोकणी कामगार बोटीने गेला, घाटावरचा माणूस जी.आय.पी. (ग्रेट इंडियन पेनिन्शुला) रेल्वेने किंवा पायी निघाला, आणि घाटाकडे जाणारी वाट तेव्हाही ठाणे-कल्याणवरूनच जात होती. 1853 मध्ये बोरीबंदर ते ठाणे ही पहिली गाडी धावली होती. त्यानंतर पन्नास वर्षे उलटण्याआधीच त्याच मार्गाने शहर रिकामे होत होते. कल्याण जंक्शनवर प्रवाशांची वैद्यकीय तपासणी सुरू झाली. या तपासणीत प्रवाशांना गाडीतून उतरवून फलाटावर उभे केले जाई, कोणाला ताप आहे का ते पाहिले जाई आणि प्लेगची गाठ शोधण्यासाठी काखा व जांघा चाचपल्या जात. गाठी तिथेच येतात, त्यामुळे वैद्यकाच्या दृष्टीने ही तपासणी रीतसर होती; पण परक्या पुरुषाने बायकामाणसांना चारचौघांत अशा रीतीने हात लावणे ही गोष्ट त्या काळच्या समाजाला रोगापेक्षाही असह्य वाटली. संशयित ठरलेल्याला वेगळे काढून छावणीत ठेवले जाई आणि त्याचे सामान धुरी देण्यासाठी ताब्यात घेतले जाई.

या सर्व कारवाईला आधार देणारा साथरोग कायदा 4 फेब्रुवारी 1897 रोजी अमलात आला. मुळात हा कायदा अवघ्या चार कलमांचा होता. रेल्वेने किंवा अन्य मार्गाने प्रवास करणाऱ्यांची तपासणी करणे आणि संशयितांना रुग्णालयात किंवा तात्पुरत्या निवाऱ्यात वेगळे ठेवणे हे अधिकार त्यात स्पष्ट शब्दांत नमूद आहेत. आदेश मोडणाऱ्याला शिक्षा आहे आणि आदेश बजावणाऱ्याला संरक्षण आहे. ज्याची तपासणी व्हायची, त्याच्या हक्कांविषयी मात्र त्यात एक ओळही नाही. महाराष्ट्र सरकारने 13 मार्च 2020 रोजी हाच कायदा लागू केला, हे लक्षात घेतले म्हणजे दोन शतकांतली ही उदाहरणे शेजारी ठेवणे ओढूनताणून केलेले वाटणार नाही.

कायदा येण्यापूर्वीच मुंबईत वातावरण तापले होते. 29 ऑक्टोबर 1896 रोजी सुमारे एक हजार गिरणी कामगारांनी आर्थर रोडच्या साथरोग रुग्णालयावर हल्ला केला. त्या दिवसांत ज्या वावड्या उठत होत्या, त्या आज वाचताना हसू येते, पण त्यांना एक विशिष्ट आकार होता. महाराणी व्हिक्टोरियाच्या पुतळ्याला कोणीतरी डांबर फासले होते. त्याचा सूड म्हणून राणीने रुग्णालयातल्या माणसांची पाचशे काळजे मागवली आहेत, अशी एक वावडी होती. रुग्णांना उलटे टांगून त्यांच्या अंगातून मोमियाई, म्हणजे औषधी मानला जाणारा अर्क, काढतात, ही दुसरी. दोन्हींत प्लेगचा उल्लेख नावालाच आहे. रुग्णालयात नेलेला माणूस परत येत नाही, हा दोन्हींचा गाभा आहे, आणि तो अनुभवाला धरून होता. कारण तिथे पोहोचणारे बरेचसे रुग्ण शेवटच्या अवस्थेत असत आणि त्या काळी प्लेगवर नेमके औषधही नव्हते. अफवा खोटी होती, पण तिच्या मुळाशी असलेले निरीक्षण खरे होते, असे म्हणावे लागते.

मार्च 1897 मध्ये जनरल गॅटेकर यांच्या अध्यक्षतेखाली मुंबईत प्लेग समिती नेमली गेली आणि घरोघरची झडती, घरांवर चुन्याचे सफेदे, मृतदेहांची तपासणी, कुटुंबीयांचे विलगीकरण ही कामे जोराने सुरू झाली. पुण्यात प्लेग अधिकारी रँडच्या कारभाराचा शेवट 22 जून 1897 रोजी चापेकर बंधूंनी झाडलेल्या गोळीने झाला, तो इतिहास सर्वांना ठाऊक आहे. मार्च 1898 मध्ये मुंबईतही दंगल उसळली. सरकारने नंतर जबरदस्तीचे उपाय हळूहळू सैल केले. प्लेग उंदरांवरच्या पिसवांमुळे पसरतो, हे पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने 1898 मध्ये दाखवून दिले, पण ते सर्वमान्य व्हायला आणखी काही वर्षे गेली. म्हणजे ज्या काळात माणसांच्या काखा तपासल्या जात होत्या, त्या काळात खरा वाहक धान्याच्या गोदामांतून निर्धास्त हिंडत होता.

1918 च्या इन्फ्लुएन्झाची कथा वेगळी आहे, आणि या टिपणाच्या दृष्टीने ती फार बोलकी आहे. जून 1918 मध्ये मुंबईच्या गोदीतील पोलीस शिपाई तापाने आजारी पडले, पावसाळ्यात साथ ओसरल्यासारखी वाटली आणि सप्टेंबरपासून ती दुपटीने उलटली. 6 ऑक्टोबर या एकाच दिवशी मुंबईत 768 मृत्यूंची नोंद झाली. हिंदुस्थानात एकंदर मृतांचा आकडा अभ्यासक सव्वा कोटीपासून पावणेदोन-दोन कोटींपर्यंत धरतात. महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांत ही साथ ‘मानमोडी’ या नावाने लोकांच्या बोलण्यात राहिली. एवढा संहार होऊनही प्लेगच्या वेळेसारख्या दंगली झाल्या नाहीत, रुग्णालयांवर चाल करून कोणी गेले नाही. रोगाचा वेगच असा होता की फलाटावर माणसे अडवून काही साधण्यासारखे नव्हते, आणि महायुद्धात गुंतलेल्या सरकारकडे झडत्या घेण्याइतकी माणसेही नव्हती. लोक घरी आजारी पडले, घरीच बरे झाले किंवा गेले. औषध आणि दूध पोहोचवण्याचे काम बऱ्याच ठिकाणी जातवार मंडळांनी आणि स्वयंसेवकांनी केले. लोकांच्या रागाचे माप रोगाच्या घातकपणावरून ठरत नाही, ते त्यांच्या घराच्या उंबरठ्यात कोण शिरले यावरून ठरते, हे या दोन साथी शेजारी ठेवल्या की दिसते.

त्यानंतरच्या दोन प्रसंगांचा उल्लेख थोडक्यात पुरे. सप्टेंबर 1994 मध्ये सुरतेत प्लेग पसरल्याची बातमी आली, तेव्हा सुरतेहून निघालेले लोक पश्चिम रेल्वेने मुंबईच्या दिशेने येऊ लागले आणि औषधांच्या दुकानांतून टेट्रासायक्लिन हे प्लेगवरचे औषध दिसेनासे झाले. ऑगस्ट 2009 मध्ये स्वाइन फ्लूचा देशातला पहिला मृत्यू पुण्यात झाला. शाळा बंद झाल्या, मुखपट्ट्यांचे भाव वाटेल तसे वाढले, आणि ठाण्यातल्या काही बड्या दहीहंड्या त्या वर्षी फुटल्याच नाहीत. दहीहंडीवर लाखोंची बक्षिसे लावणाऱ्या शहराने हंडी उतरवणे ही साधी गोष्ट नव्हे. पण दोन्ही वेळा औषध हाती होते आणि सक्तीने कोणाचे घर बंद केले गेले नाही, त्यामुळे भीती काही आठवड्यांत विरली.

2020 ची सुरुवात आपल्याकडे कोंबडीपासून झाली. 30 जानेवारीला केरळात देशातला पहिला रुग्ण सापडला, तेव्हा ठाण्या-वाशीतल्या लोकांसाठी हा रोग अजून परदेशाचा होता. पण कोंबडी खाल्ल्याने करोना होतो, हा निरोप मोबाइलवरून इतका फिरला की फेब्रुवारी-मार्चमध्ये चिकनचे भाव कोसळले, मटणाचे चढले आणि पोल्ट्रीवाल्यांवर पक्षी कवडीमोलाने विकण्याची वेळ आली. पशुसंवर्धन खात्याच्या खुलाशांनी फारसा फरक पडला नाही. 9 मार्चला पुण्यात राज्यातले पहिले रुग्ण आढळले, आणि आठवडाभरात परदेशातून आलेल्यांच्या डाव्या हातावर मतदानाच्या शाईने घरी राहण्याचे शिक्के उमटू लागले. लोकांची नजर बदलली ती या शिक्क्याने, असे मला वाटते. त्याआधी भीती एका रोगाची होती. आता ती ओळखता येणाऱ्या माणसाची झाली. हातावर शिक्का असलेले प्रवासी गाडीत दिसताच सहप्रवाशांनी ओरडा करावा आणि त्यांना मधल्याच स्थानकावर उतरवले जावे, असे प्रकार पालघरला घडले.

ठाणे आणि डोंबिवलीच्या नववर्ष स्वागतयात्रा रद्द झाल्या; 22 मार्चला थाळ्या वाजल्या, त्याच रात्रीपासून लोकल थांबली, आणि गुढीपाडव्याच्या दिवशी, 25 मार्चला, देशभराची टाळेबंदी सुरू झाली. आदल्या रात्री पंतप्रधानांच्या आठच्या भाषणानंतर लोक किराण्याच्या दुकानांकडे धावले, त्याला पुष्कळांनी नावे ठेवली. पण दुसऱ्या दिवशी दुकान उघडेल की नाही हे ज्याला कोणी सांगितलेले नाही, त्याने आटा आणि तूरडाळ घेऊन ठेवणे यात अविचार कोणता, हे मला आजही कळलेले नाही.

याच सुमारास आणखी एक गोष्ट झाली, जिची फारशी दखल घेतली जात नाही. कागदावरून विषाणू येतो या समजुतीने सोसायट्यांनी वर्तमानपत्रे नाकारली, विक्रेत्यांनी वाटप थांबवले, आणि मार्चच्या अखेरच्या दिवसांत मुंबई-ठाण्यात छापील अंक जवळजवळ मिळेनासे झाले. नेमक्या ज्या आठवड्यांत खात्रीची बातमी हवी होती, त्या आठवड्यांत ती दारातून परत गेली आणि तिची जागा ‘फॉरवर्ड’ने घेतली. भीमसेनी कापूर आणि ओव्याची पुरचुंडी, हळदीचा काढा, नगरसेवकांनी वाटलेल्या आर्सेनिकम अल्बमच्या होमिओपॅथिक गोळ्या, इमारतीच्या दाराशी उभारलेले फवाऱ्याचे बोगदे हे सगळे याच काळातले. माणसांच्या अंगावर जंतुनाशक फवारू नये, असे केंद्रीय आरोग्य मंत्रालयाला 18 एप्रिलला जाहीरपणे सांगावे लागले. सामान्य माणूस तेवढा गोंधळलेला होता आणि यंत्रणा सावध होती, असे चित्र त्यामुळे टिकत नाही. बोगदे उभारणाऱ्यांत सरकारी कार्यालयेही होती.

ठाणे जिल्ह्याची खरी अडचण पुढे आली ती एप्रिल-मेमध्ये. इथली शहरे मुंबईच्या रोजगारावर उभी आहेत. लोकल बंद असली तरी परिचारिका, पोलीस, बेस्टचे चालक-वाहक, सफाई कामगार, बँकांचे कर्मचारी रोज मुंबईला जात होते आणि रात्री कळवा, डोंबिवली, ऐरोली, कोपरखैरण्याला परतत होते. नव्या रुग्णांत यांची संख्या मोठी आहे हे दिसू लागताच ‘यांची सोय मुंबईतच करा’ अशी मागणी होऊ लागली. मेच्या सुरुवातीला कल्याण-डोंबिवली महापालिकेने मुंबईत नोकरी करणाऱ्यांच्या रोजच्या ये-जा करण्यावर बंदीचा आदेश काढला आणि ओरड झाल्यावर तो मागे घेतला. एकीकडे गॅलरीतून टाळ्या, दुसरीकडे फाटकावर अडवणूक, हा विरोधाभास त्या काळी सर्वांनी पाहिला. आरोग्य कर्मचाऱ्यांवरचे हल्ले आणि त्यांना घराबाहेर काढण्याचे प्रकार देशभर इतके वाढले, की 22 एप्रिलला केंद्राने वटहुकूम काढून 1897 च्या त्याच कायद्यात अशा हल्ल्यांसाठी सात वर्षांपर्यंतच्या कैदेची तरतूद घातली. आर्थर रोडचे जे रुग्णालय 1896 मध्ये फोडले गेले, तेच आजचे कस्तुरबा रुग्णालय; 2020 मध्ये मुंबईतल्या पहिल्या चाचण्या तिथेच झाल्या.

वाशीच्या घाऊक बाजारात हाच पेच दुसऱ्या रूपाने उभा राहिला. कांदा-बटाटा, भाजीपाला, फळे, मसाला आणि धान्य या पाच बाजारांतून मुंबई महानगराचे पोट भरते, त्यामुळे बाजार बंद ठेवता येत नव्हता. आणि माथाडी कामगार, व्यापारी, वाहनचालक आजारी पडू लागल्यामुळे तो चालूही ठेवता येत नव्हता. अखेर 11 ते 17 मे असा आठवडाभर बाजार बंद करण्यात आला. बंदची घोषणा होताच खरेदीला झुंबड उडाली, म्हणजे गर्दी टाळण्याच्या उपायानेच गर्दी ओढवली. नवी मुंबईत बाजाराच्या माणसाकडे संशयाने पाहिले गेले. आणि बाजाराच्या माणसाचे म्हणणे असे, की तुमच्या घरी भाजी पोहोचवतानाच आम्हाला हा रोग लागला.

ताप लपवण्याचा मुद्दा इथे परत घ्यावा लागतो. सुरुवातीच्या आठवड्यांत बाधित आढळलेल्या प्रत्येकाला, लक्षणे असोत वा नसोत, रुग्णालयात किंवा केंद्रात हलवले जाई. नखशिखांत पांढऱ्या पोशाखातले कर्मचारी इमारतीखाली येत, रुग्णवाहिकेचा भोंगा वाजे, वरच्या मजल्यावरून कोणीतरी चित्रण करी आणि संध्याकाळपर्यंत त्या कुटुंबाचे नाव परिसरातल्या प्रत्येक फोनवर पोहोचलेले असे. मग पत्रे ठोकून इमारत बंद होई आणि ‘तुमच्यामुळे आम्ही अडकलो’ हे सुरू होई. भाड्याने राहणाऱ्याला घरमालकाची भीती, रोजंदारीवाल्याला मजुरी बुडण्याची भीती. अशा स्थितीत क्रोसिन घेऊन गप्प बसणे हा निर्णय समाजाच्या दृष्टीने घातक होता, पण त्या कुटुंबाच्या दृष्टीने तो हिशेब करून घेतलेला होता. भिवंडीतले यंत्रमाग बंद पडल्यावर मुंबई-नाशिक महामार्गाने कसाऱ्याच्या दिशेने चालत निघालेल्या मजुरांनीही असाच हिशेब केला होता. मेच्या पहिल्या आठवड्यात भिवंडीहून गोरखपूरला श्रमिक गाडी सुटली तोपर्यंत कित्येक जण घाट चढून गेले होते.

सौम्य लक्षणे असलेल्यांना घरीच विलग राहू देण्याच्या केंद्राच्या सूचना 27 एप्रिलला आल्या होत्या. इथल्या महापालिकांनी त्या अमलात आणल्या, तरी चाळीत आणि दहा बाय दहाच्या खोलीत राहणाऱ्यांना त्यांचा उपयोग नव्हता. ज्यांच्याकडे स्वतंत्र खोली आणि संडास होता, त्या घरांतला लपवालपवीचा प्रकार मात्र कमी होत गेला. जुलैच्या आरंभी ठाणे आणि नवी मुंबईत पुन्हा कडक टाळेबंदी लागली, ठाण्यात ती 2 जुलैपासून 12 पर्यंत होती आणि पुढे 19 पर्यंत वाढली. तोवर लोकांची प्रतिक्रिया पार बदलली होती. व्यापारी उघडपणे विरोधात बोलू लागले, फाटकावरचे बांबू सुटले, घरकामाच्या बायकांना परत बोलावण्याची घाई सुरू झाली. आणि फोनवर विचारपूस होऊ लागली ती कोणाला झाला याची नव्हे, तर खाट कुठे मिळेल आणि खासगी रुग्णालय अनामत किती मागते याची.