ब्रिज मोड आणि एपी मोड: दोन्हीत एक डबा गप्प बसतो, पण कुठला?

गेल्या महिन्यात सांगलीहून काकांचा फोन आला, रात्री साडेनऊला, ऐन मॅच चालू असताना. "अरे नवीन राउटर घेतला, चार शिंगांचा, केबलवाल्या पोराला म्हणलं ब्रिज करून दे, त्यानं पाच मिनिटात केलं आणि गेला, आता खालचं वायफाय दिसतच नाही आणि वरचं दिसतंय पण नेट नाही." काकांना खरं पाहिजे होतं एवढंच की वरच्या खोलीत रेंज यावी. त्याला लागतो एपी मोड, म्हणजे ॲक्सेस पॉइंट, नुसतं वायफाय पसरवायचं काम. कुठल्यातरी व्हिडिओत ब्रिज मोड बेस्ट असं ऐकलं म्हणून त्यांनी ब्रिज मागितला, पोरानं मागितलं ते दिलं, चूक तशी कुणाचीच नाही.

हा घोळ मी इतक्या घरांत बघितलाय की आता लिहूनच टाकतो.

आधी डब्याबद्दल. फायबरवाले घरात जे लावून जातात त्याला आपण मोडेम म्हणतो, राउटर म्हणतो, नुसतं वायफाय पण म्हणतो, आणि गंमत म्हणजे सगळंच थोडं थोडं बरोबर आहे कारण त्या एका डब्यात तीन-चार जणं भाड्याने राहतात. एक ओएनटी, त्यालाच बरेच लोकल ऑपरेटर ओएनयू म्हणतात, ह्याचं काम म्हणजे बाहेरून आलेल्या त्या हिरव्या टोकाच्या वायरीतला उजेड घेऊन त्याचा साधा नेटवर्क सिग्नल करणं. दुसरा राउटर. तिसरा वायफाय. आणि लँडलाइन घेतली असेल तर फोनचं भोक हा चौथा.

ह्यातला ओएनटी तुम्ही सहसा फेकू शकत नाही, कितीही भारी राउटर आणा. कारण आपल्याकडे बहुतेक ठिकाणी जीपॉन नाहीतर ईपॉन असतं, त्यात एकच फायबर वाटेत स्प्लिटर लावून ३२ किंवा ६४ घरांत वाटलेली असते. जीपॉनमध्ये खाली येताना साधारण २.५ जीबीपीएस आणि वर जाताना १.२५, हे सगळ्या घरांत मिळून. खाली येणारा डेटा सगळ्यांच्याच डब्यापर्यंत पोचतो, प्रत्येक डबा आपल्या नावाचा तेवढा उचलतो, आणि वर पाठवताना ज्याला जेव्हा पाळी दिली असेल त्यानं तेव्हाच बोलायचं, नाहीतर सगळ्यांचा उजेड एकमेकांत मिसळेल. ही पाळी देणारं मशीन ऑपरेटरकडे असतं आणि ते तुमच्या डब्याला सिरीयल नंबरनं नाहीतर आत भरलेल्या आयडीनं ओळखतं. अनोळखी डबा जोडला तर त्याला उभं करत नाही. म्हणून स्वतःचा राउटर म्हणजे ओएनटीच्या जागी नाही, ओएनटीच्या पुढे.

आता राउटर. राउटर म्हणजे सोसायटीच्या गेटवरचा वॉचमन समजा. आतल्या फ्लॅटना नंबर तोच देतो (ते डीएचसीपी), आणि कुठल्या फ्लॅटनं काय मागवलंय ते रजिस्टरमध्ये लिहून ठेवतो म्हणजे पार्सल आलं की बरोबर दारात जातं (ते नॅट). बाहेरच्या जगाला फक्त सोसायटीचा पत्ता माहीत, फ्लॅट नंबर नाही.

तुम्ही नवीन राउटर आणला आणि काहीही न बदलता कंपनीच्या डब्याच्या लॅन पोर्टातून (घरातल्या वस्तू जोडायचं भोक) वायर काढून ह्याच्या वॅन पोर्टात (बाहेरून नेट आत घ्यायचं भोक) खुपसली, की काय होतं? दोन गेट, दोन वॉचमन, दोन रजिस्टरं. हे डबल नॅट. आणि खरं सांगू का, चालतं! लोक उगाच घाबरवतात. यूट्यूब, व्हॉट्सॲप, ऑफिसचा कॉल, सगळं चालतं, कारण मागणी आतून गेलेली असते आणि दोघांच्याही रजिस्टरला नोंद झालेली असते. अडतं कुठे तर बाहेरून कुणी स्वतःहून यायला लागलं की, म्हणजे घरी स्वतःचा सर्व्हर, काही गेम, डीव्हीआरवरचे कॅमेरे बाहेरून थेट बघणं. पार्सलवाला पहिल्या गेटवरच उभा, तिथला वॉचमन म्हणतो असा फ्लॅट आमच्याकडे नाही. आणि घरात पण एक त्रास, प्रिंटर एका वायफायवर आणि लॅपटॉप दुसऱ्यावर असला की एकमेकांना सापडत नाहीत.

तर दोन वॉचमनपैकी एकाला घरी पाठवायचं. कुणाला, एवढाच ब्रिज आणि एपीमधला फरक आहे. ब्रिज मोडमध्ये कंपनीच्या डब्यातला वॉचमन घरी जातो, तुमचा राउटर गेटवर बसतो. एपी मोडमध्ये तुमचा राउटर वॉचमनगिरी सोडतो आणि नुसता वायफाय पसरवणारा खांब होतो, गेटवर कंपनीचाच माणूस. सेटिंग पण त्यामुळे वेगवेगळ्या डब्यात बदलायची, ब्रिज कंपनीच्या डब्यात, एपी तुमच्या डब्यात. आणि घोळ वाढवायला काही राउटर कंपन्या त्यांच्या मेनूत एपी मोडलाच ब्रिज म्हणतात, म्हणजे संपलंच.

एपीचं आधी उरकतो कारण त्यात फार काही नाही. नवीन राउटरच्या पेजवर ऑपरेशन मोड असं काहीतरी असतं, तिथे ॲक्सेस पॉइंट निवडायचं, वायर जोडायची, झालं. जुन्या राउटरला तो पर्याय नसेल तर हाताने करायचं: त्याचा डीएचसीपी बंद, त्याचा स्वतःचा आयपी, म्हणजे नेटवर्कमधला पत्ता, बदलून कंपनीच्या डब्याच्याच रांगेतला पण न वापरलेला ठेवायचा, आणि वायर वॅनमध्ये नाही, लॅनमधून लॅनमध्ये. मी एकदा चिंचवडच्या घरी नेमका डीएचसीपी बंद करायला विसरलो, दोन्ही डब्यांचा आयपी १९२.१६८.१.१, आणि मग दोन दिवस घरात अशी मजा की बायकोच्या फोनला नेट आहे, माझ्या नाही, टीव्ही बंद करून चालू केला की त्याला आहे पण मग तिच्या फोनचं गेलं. जो वॉचमन आधी भेटेल तो नंबर देतोय आणि त्यातला एक असा की ज्याला बाहेरचा रस्ताच माहीत नाही. मी तोपर्यंत कस्टमर केअरला दोनदा झापून झालं होतं. त्यांची काही चूक नव्हती बिचाऱ्यांची.

एपीत एक गोष्ट जाते. तुमच्या राउटरच्या खोक्यावर जे छापलंय, पोरांचं नेट रात्री दहाला बंद, कुणी किती स्पीड खायचा, व्हीपीएन सर्व्हर वगैरे, ते बहुतेक सगळं गेटवरच्या माणसाचं काम असतं, त्यामुळे एपी मोडमध्ये ते मेनूतून गायबच होतं. ते वापरायलाच राउटर घेतला असेल तर एपी तुमच्या कामाचा नाही.

आता ब्रिज, इथे थोडं बसून बोलावं लागेल. आपल्याकडे बऱ्याच कनेक्शनला लॉगिन लागतं, पीपीपीओई, म्हणजे युजरनेम आणि पासवर्ड, जो केबलवाल्यानं पहिल्या दिवशी डब्यात टाकलेला असतो आणि तुम्हाला कधी सांगितलेलाच नसतो. डबा ब्रिज केला की हे लॉगिन करायचं काम तुमच्या राउटरवर येतं. काकांकडे नेमकं हेच झालं होतं, खालचा डबा ब्रिज झाला, त्याचं वायफाय बंद केलं, आणि नवीन राउटर पट्ट्या पेटवून बसला पण त्याला लॉगिन कुणी दिलंच नाही. म्हणून ब्रिज करायच्या आधी चार गोष्टी कागदावर लिहून घ्या: युजरनेम, पासवर्ड, व्हीलॅन नंबर (एकाच वायरीत नेटची ओळ वेगळी ओळखायचा नंबर) लागतो का आणि लागत असेल तर किती, आणि राउटरचा मॅक (त्याचा स्वतःचा ओळख नंबर) त्यांच्याकडे नोंदवावा लागतो का. व्हीलॅन चुकला तर सगळं बरोबर दिसून पण कनेक्ट होत नाही आणि माणूस पासवर्डच परत परत टाकत बसतो. अजून एक, बरेच ऑपरेटर एका वेळी एकच लॉगिन चालू देतात, म्हणजे आधी जुन्या डब्यातलं लॉगिन काढायचं आणि मगच नव्यात टाकायचं, उलटं केलं तर नव्याला बाहेरच ठेवतात.

पीपीपीओई घेतलं की प्रत्येक पाकिटातले ८ बाइट त्याचे स्वतःचे जातात, म्हणून एमटीयू, म्हणजे एका पाकिटाचा जास्तीत जास्त आकार, १५०० चा १४९२ होतो. बहुतेक राउटर आपोआप धरतात. पण एखादीच वेबसाइट अर्धवट उघडून अडकत असेल तर पहिल्यांदा हा आकडा बघा.

ब्रिज झाल्यावर पण कंपनीचा डबा चालूच ठेवायचा असतो हे सांगायची वेळ येईल असं मला वाटलं नव्हतं, पण येते. ब्रिज म्हणजे बंद नव्हे, ओएनटी तिथेच बसून उजेडाचं काम करतोय. लँडलाइन पण त्याच्याच भोकात राहते, कारण फोनचा रस्ता सहसा आत वेगळाच काढलेला असतो, मात्र ब्रिज करणाऱ्यानं नेटचीच ओळ बदलायची, फोनच्या ओळीला हात लावायचा नाही. आणि तुमच्या राउटरची रांग वेगळी ठेवा, १९२.१६८.५०.१ वगैरे, म्हणजे दोन्ही डब्यांचे पत्ते आपटत नाहीत.

कंपनीच्या डब्यामागच्या त्या बारीक भोकात पिन घालून रिसेट करू नका, प्लीज. साधा राउटर रिसेट केला तर अर्ध्या तासाचं काम आहे, पण ह्याच्यात तो आयडी, व्हीलॅन, लॉगिन असं सगळं भरलेलं असू शकतं, ते गेलं की पॉनचा दिवा लुकलुकत राहतो आणि माणूस येईपर्यंत मोबाइल डेटावर दिवस काढावे लागतात. माझे शनिवार-रविवार असे गेलेत.

मग ब्रिज केल्यावर बाहेरून घरी येता येतं का? इथे बऱ्याच जणांचा मूड जातो. राउटरच्या स्टेटस पेजवर वॅन आयपी बघा. १९२.१६८, १० किंवा १७२.१६ ते १७२.३१ असा काही दिसला तर बहुतेक पुढे अजून एक वॉचमन आहे, ब्रिज नीट झालेलाच नाही. १००.६४ पासून १००.१२७ पर्यंत दिसला तर ब्रिज झालाय पण ऑपरेटरनंच पुढे मोठं गेट लावलंय, सीजीनॅट, शेकडो घरं एकाच पत्त्यावर. लोकल ऑपरेटर कधीकधी ह्यासाठी १० वालीच रांग वापरतात, तेव्हा दोन्ही सारखंच दिसतं, म्हणून लॉगिन कंपनीचा डबा करतोय की तुमचा राउटर ते बघून ठरवायचं. ते मोठं गेट तुमच्या हातात नाही, स्टॅटिक आयपीचे (फक्त तुमचा, न बदलणारा पत्ता) पैसे भरा नाहीतर आयपीव्ही६ (पत्त्यांची नवीन, खूप मोठी पद्धत) मिळतं का विचारा. नुसत्या डीव्हीआरच्या कॅमेऱ्यासाठी ब्रिज करणाऱ्यांनी हे आधी बघावं, कारण सीजीनॅट असेल तर ब्रिज करून पण कॅमेरा तिथेच.

कंपनी ब्रिज देतच नसेल तर त्यांच्या डब्यात डीएमझी शोधा, तिथे तुमच्या राउटरचा आयपी टाकला की पहिला वॉचमन अनोळखी पार्सलं सरळ दुसऱ्याकडे ढकलतो. दोन गेट राहतातच, पण काम होतं. जर्मनीत १ ऑगस्ट २०१६ पासून कायद्यानंच लोकांना स्वतःचा राउटर लावायची मोकळीक आहे आणि लॉगिनची माहिती मागण्याआधी द्यावी लागते. इथे केबलवाल्याशी चहा पिऊन संबंध ठेवणं हाच कायदा.

स्पीडबद्दल एकच. प्लॅन २०० चा आणि कुठल्याही मोडमध्ये ९४-९५ च्या वर जात नसेल तर मोडला शिव्या देऊ नका, राउटरचं पोर्ट १०० चं आहे नाहीतर वायरीत आठपैकी चारच तारा जोडल्यात. स्वस्तातल्या राउटरला "३०० एमबीपीएस" लिहिलेलं असतं ते वायफायचं असतं, मागची भोकं १०० चीच.

आणि लाईट गेली की आता दोन डबे जगवायचे आहेत हे पण धरा. मिनी यूपीएस घेताना दोन आउटपुटवाला घ्या, आणि दोन्ही ॲडॉप्टरवरचे व्होल्ट वाचा, पिन सारखी बसते म्हणून ९ व्होल्टच्या राउटरला १२ चा लावू नका.

काकांचं काय झालं? दुसऱ्या दिवशी तोच पोरगा परत आला, डबा पहिल्यासारखा केला, मी फोनवरून वरच्या राउटरला एपी करायला लावलं, जिन्यातून १५ मीटर वायर नेली, दोन्हीकडे वायफायचं नाव आणि पासवर्ड एकच ठेवला. आठ दिवस मस्त चाललं. मग परत फोन, पहाटे सहाला नेट नसतं. विचारत विचारत गेलो तर कळलं, आता वरचा नवीन डबा आहे ना, म्हणून काका झोपताना वीज वाचवायला खालचा बटणावर बंद करत होते.